सुबाभळीची ओळख

छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, पाणचक्कीवरून बेगमपुऱ्यामार्गें विद्यापीठाच्या डोंगराकडे सकाळीं फिरावयास जाणारे लोक पुष्कळ आहेत. वाटेंतील वड, कडुनिंब, गुलमोहर हीं झाडें त्यांस न सांगतां ओळखूं येतात. परंतु रस्त्याच्या कडेस, पडक्या भिंतीच्या आडोशास, खाम नदीच्या उतारावर एक बारीक पानांचें, सडपातळ खोडाचें, जवळजवळ बाराही महिने हिरवें राहणारें झाड दाटीनें उभें असतें. त्याचें नांव विचारलें असतां उत्तरें निरनिराळीं मिळतात. कोणी त्यास बाभूळ म्हणतो, कोणी शिरीष म्हणतो, कोणी ‘चिंचेचीच कांहीं जात असावी’ असें म्हणून मोकळा होतो. ज्याच्या घरीं एके काळीं शेळी होती तो मात्र क्षणभरही विचार न करितां सांगतो कीं, ही सुबाभूळ. आणि त्याचेंच उत्तर बरोबर असतें.

नांव चुकलें तर बिघडलें कोठें, असा प्रश्न कोणी करील. बिघडतें तें असें. दर पावसाळ्यांत घरांच्या आवारांत कांहीं रोपें आपोआप उगवतात. त्यांतलें एखादें वर्षभरांत माणसाच्या डोक्यावर जातें. गृहस्थास वाटतें, सांवली फुकट मिळाली, राहूं द्यावें. पुढें तीनचार वर्षांत शेजारचा मोकळा भूखंड, मागची गटाराची कड आणि पलीकडील शाळेचें कुंपण ह्यांच्या आश्रयानें त्याचीं शेंकडों पोरें उभीं राहतात. ही एक चूक झाली. दुसरी हिच्या नेमकी उलट असून अधिक दुःखद आहे. ‘बारीक पानांचें तें परदेशी झाड वाईट’ एवढेंच अर्धवट ऐकून उत्साही मंडळी कोयते घेऊन निघतात, आणि शिरीष, हिवर, खैर ह्यांचीं रोपें तासाभरांत साफ करून घरीं येतात. सुबाभूळ तोडली तर ती फुटून पुन्हा येते. पण मुरमाड जमिनींत, कमी पावसांत, गुरांच्या तोंडांतून वांचून हातभर झालेला हिवर एकदां गेला म्हणजे त्या जागीं दुसरा सहजासहजीं येत नाहीं. तेव्हां निंदा किंवा स्तुति करण्यापूर्वीं ओळख पटविणें अगत्याचें आहे, आणि ती पटविण्यास शास्त्री असण्याची गरज नाहीं. डोळे आणि हाताचीं बोटें पुरतात.

प्रथम पान हातांत घ्यावें. आपण ज्यास बारीक पान म्हणतों तें वस्तुतः पान नसून पानाचा एक तुकडा असतो. त्यास पर्णिका म्हणतात. खरें पान म्हणजे फांदीपासून निघालेला सबंध पिसाऱ्यासारखा भाग. सुबाभळीच्या ह्या पिसाऱ्यांत मधल्या दांड्यास दोहों बाजूंनीं उपदांड्यांच्या चार ते नऊ जोड्या असतात, आणि प्रत्येक उपदांड्यावर पर्णिकांच्या सुमारें बारा ते वीस जोड्या असतात. पर्णिका अर्ध्या इंचाच्या आसपास लांब, टोकाशीं निमुळती, वरून हिरवी व खालून किंचित् फिकट. ह्या मधल्या दांड्यावर, उपदांड्यांच्या पहिल्या जोडीजवळ, तिळाएवढी खोलगट गांठ दिसते. ती ग्रंथि होय. मुलांस ही गांठ शोधावयास सांगावी. तीं मोठ्या माणसांपेक्षां लवकर शोधतात. सायंकाळ झाली कीं ह्या पर्णिका हात जोडल्याप्रमाणें मिटतात, आणि पाण्याचा ताण पडला तर भर दुपारींही मिटूं लागतात.

त्यानंतर फांदीवरून सावकाश हात फिरवावा. हाताला कांटा लागत नाहीं. ही खूण फार मोलाची आहे. कारण बाभूळ, हिवर, खैर आणि वेडी बाभूळ ह्या चौघांनाही बहुधा कांटे असतात. बाभळीचे कांटे पांढरे, सरळ आणि जोडीजोडीनें आलेले. खैराचे आंखूड व आंकड्यासारखे वळलेले. सुबाभूळ मात्र नांवानें बाभूळ असून निष्कंटक आहे. तिच्या नांवांतील ‘सु’ ह्या अक्षराचा निदान एवढा अर्थ तरी खरा मानावयास हरकत नाहीं.

मग फूल. बाभळीचें फूल हळदीच्या गोळीसारखें पिंवळें असतें. सुबाभळीचें फूल त्याच आकाराचें, किंबहुना थोडें मोठें, पण दुधासारखें पांढरें असतें, आणि शिळें झालें म्हणजे तपकिरी पडतें. हा एक गोंडा म्हणजे शंभराहून अधिक चिमुकल्या फुलांचा मेळा आहे. शास्त्रज्ञांनीं तिला ‘ल्यूसीना ल्यूकोसेफला’ असें नांव दिलें आहे; त्यांतील ‘ल्यूकोसेफला’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पांढऱ्या डोक्याची’ इतकाच. लामार्क ह्या फ्रेंच पंडितानें १७८३ मध्यें तिचें वर्णन केलें तेव्हां तिला लाजाळूच्या कुळांत, ‘मिमोसा’ म्हणून, नोंदलें होतें. जुन्या ग्रंथांत ती ‘ल्यूसीना ग्लॉका’ ह्या नांवानें येते. हल्लींचें नांव १९६१ मध्यें स्थिर झालें. झाडांचीं नांवेंही माणसांच्या नांवांप्रमाणें दप्तरांत बदलत असतात.

परंतु सर्वांत निश्चित खूण शेंगांची. एकेका गोंड्यापासून दहापंधरा शेंगांचा झुबका लोंबतो. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, चार ते सात इंच लांब. आधीं हिरवी, मग तपकिरी. वाळल्यावर ती दोन्ही कडांनीं उकलते, आणि आंतून पंधरावीस चकचकीत तपकिरी बिया बाहेर पडतात. ह्या शेंगा वर्षांतून एकदांच येऊन संपत नाहींत. एकाच फांदीवर पांढरा गोंडा, हिरवी शेंग आणि गेल्या हंगामाची उकललेली, वाऱ्यानें खुळखुळणारी शेंग, म्हणजे नातू, बाप आणि आजोबा, एकत्र नांदतांना दिसतात. दुरून पाहणाऱ्यास हिरव्या झाडावर तपकिरी जटा लोंबत असल्याचा भास होतो. हें दृश्य एकदां नीट पाहिलें म्हणजे धांवत्या गाडींतूनही सुबाभूळ ओळखतां येते.

घोटाळा होतो तो मुख्यतः शिरीषाशीं, कारण त्यासही कांटे नसतात. पण शिरीषाची पर्णिका चांगली आंगठ्याच्या नखाएवढी रुंद असते, आणि शेंग गवताच्या रंगाची, दोन बोटें रुंद असते. हिंवाळ्याच्या अखेरीस तो पानें टाकून उघडा पडतो, आणि केवळ शेंगा खडखड वाजवीत उभा राहतो. मग उन्हाळ्यांत त्यास नवी पालवी व सुगंधी, रेशमी तुऱ्यांचीं फुलें येतात. ज्या फुलांचीं कर्णभूषणें करण्याचा उल्लेख कालिदासानें ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेंतच केला आहे, तीं हीं शिरीषाचीं. एवढें ठाऊक असूनही ज्याच्या हातून शिरीषाचें रोप उपटलें जाईल, त्यास काय म्हणावें! चिंचेशीं गल्लत करण्याचें तर कारणच नाहीं. चिंचेच्या पानास उपदांडे नसतात, मुख्य दांड्यावरच पर्णिकांच्या ओळी असतात. विलायती चिंचेच्या प्रत्येक पानास मोजक्या चार पर्णिका आणि जिलबीसारखी वळलेली शेंग. गुलाबी फुलांनीं माघ-फाल्गुनांत भरून जाणारें गिरिपुष्प हें आणखी एक परदेशी झाड. पण त्याचें पान करंजाच्या वळणाचें, मोठ्या पर्णिकांचें, त्यामुळें त्याचा येथें संबंध येत नाहीं.

आतां ही सुबाभूळ आली कोठून? तिचें मूळ घर मेक्सिकोच्या दक्षिण भागांत व त्यालगतच्या प्रदेशांत आहे. तेथील लोक तिच्या व तिच्या बहिणींच्या कोंवळ्या शेंगा आणि बिया आवडीनें खातात व तिला ‘ग्वाहे’ म्हणतात. त्या देशांतील वाहाका हें प्रसिद्ध नगर व प्रांत ह्यांचें नांव ह्याच झाडावरून पडलें आहे. आपल्याकडे वडगांव, पिंपळगांव, चिंचवड आहेत, तसाच हा प्रकार. ज्या झाडास आपण आज उपरें म्हणतों तें आपल्या जन्मभूमींत गांवाला नांव देण्याइतकें घरचें आहे, हें विसरूं नये.

मेक्सिकोचा किनारा आणि फिलिपाईन्समधील मनिला ह्यांच्या दरम्यान स्पॅनिश लोकांचीं मोठीं गलबतें १५६५ पासून १८१५ पर्यंत ये-जा करीत होतीं. त्यांच्याबरोबर सुबाभूळ पॅसिफिक महासागर ओलांडून पूर्वेस आली. विलायती चिंचही त्याच वाटेनें आली. इंग्रजींत तिला मनिलाची चिंच म्हणतात तें ह्यामुळेंच. फिलिपाईन्समध्यें सुबाभळीला इपिल-इपिल म्हणूं लागले, जावा बेटांत लामतोरो म्हणूं लागले. जावांतील मळेवाल्यांनीं कॉफीच्या झाडांवर विरळ, झुळझुळीत सांवली धरण्यासाठीं तिची मुद्दाम लागवड केली. तिच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणतात, आणि पाला गळून खत होतो. सांवली आणि खत दोन्ही एकाच झाडापासून मिळाल्यावर मळेवाल्यानें दुसरें काय शोधावें?

भारतांत ह्या झाडाची झुडपी, धाकटी जात पूर्वींपासून कोठें कोठें होती, व ‘कुबाभूळ’ असें तिचें नांव होतें. खरा बोलबाला झाला तो थोरल्या जातीचा. हवाई बेटांतील विद्यापीठांत संशोधकांनीं साठसत्तर फूट उंच जाणारे वाण निवडले; त्यांतील ‘के-८’ हा विशेष नांवाजला. १९७७ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें ह्या झाडावर एक स्वतंत्र अहवालच काढला व उष्ण कटिबंधांतील गरीब देशांस त्याची शिफारस केली. महाराष्ट्रांत हा प्रसार पुण्याजवळील उरुळीकांचन येथून झाला. महात्मा गांधींनीं १९४६ मध्यें तेथें निसर्गोपचार आश्रम स्थापिला, त्याचा भार मणिभाई देसाई ह्यांनीं उचलला. पुढें १९६७ मध्यें त्यांनीं बाएफ ही संस्था काढली, आणि १९८२ मध्यें त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ह्या संस्थेनें थोरल्या जातीचें बी शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोंचविलें, आणि ‘कु’ जाऊन ‘सु’ आला.

ह्या प्रसारास आज हंसणें सोपें आहे. पण १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं मराठवाड्यांत पाहिला, ज्यांनीं दावणीचीं जनावरें चाऱ्यावांचून मरतांना पाहिलीं, त्यांच्यापुढें कोणी असें झाड आणून ठेवलें कीं जें वर्षभरांत डोक्यावर जातें, जितकें छाटावें तितकें फुटतें, ज्याचा पाला कसदार व लांकूड चुलीस उत्तम, तर त्यांनीं तें कां नाकारावें? शिवाय शेतकऱ्याच्या हातांत सुबाभूळ कधींच बेफाम होत नाहीं. तो तिला सारखा कापतो; शेंग धरण्यास तिला उसंतच मिळत नाहीं. बिघाड झाला तो झाड लावून त्याकडे पाठ फिरविल्यामुळें. १९८० नंतरच्या वर्षांत सामाजिक वनीकरणाच्या नांवानें रस्त्यांच्या कडा, माळ, कचेऱ्यांचीं व शाळांचीं आवारें ह्यांत तिची लागवड झाली. तेथें शेळी नव्हती, विळा नव्हता, आणि मोजदाद फक्त किती रोपें जगलीं ह्याची होती. त्या मोजदादींत सुबाभूळ नेहमींच पहिली येणार! दरम्यान १९८८ च्या सुमारास मूळ देशांतूनच तिच्यामागें निघालेली एक रस शोषणारी बारीक कीड जग फिरत भारतांत पोंचली. तिच्यामुळें चारा म्हणून सुबाभळीचें वेड पुष्कळ ओसरलें. मनुष्यांचें वेड ओसरलें, झाडांचें बी मात्र मातींत पडलेलेंच होतें.

हें बी मोठें चिवट. त्याचें कवच इतकें कठीण असतें कीं पेरणी करणारा शेतकरी त्यावर आधीं कढत पाणी ओततो, तेव्हां तें लवकर रुजतें. न ओतल्यास कांहीं बिया त्याच पावसांत उगवतात, कांहीं पुढल्या, आणि कांहीं दहा वर्षांनींसुद्धां. शिवाय फळ धरण्यास दुसऱ्या झाडाची गरज नाहीं, एकटें झाड पुरतें, आणि पहिल्या दुसऱ्या वर्षींच त्यास शेंगा येऊं लागतात. बी वाऱ्यानें दूर जात नाहीं. तें झाडाखालींच पडतें. मग शहरभर पसरतें कसें? नाल्याच्या पुरानें, आणि त्याहून अधिक माणसांच्या हातानें. एखाद्या इमारतीच्या पायाची माती ट्रकांत भरून दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यांत टाकली कीं सुबाभळीची बिऱ्हाडें हललींच म्हणून समजावें. भरगच्च, निरोगी रानांत तिचा सहसा शिरकाव होत नाहीं, कारण तिला ऊन लागतें. ती भांडून कोणाचें घर घेत नाहीं. पडीक घर पाहून शिरते. एकदां शिरली म्हणजे मात्र तिच्या खालीं तिचींच रोपें गवतासारखीं दाटतात, आणि दुसऱ्या झाडाच्या बीस तेथें जागा उरत नाहीं. हवाई बेटांत व तैवानच्या दक्षिण टोकास तिनें हेंच केलें. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जीवांची जी यादी केली, तींत तिचें नांव आहे.

परदेशी म्हणूनच झाड वाईट, असा ह्याचा अर्थ घेऊं नये. गुलमोहर मादागास्करचा, मिरची अमेरिकेची, आणि आपली चिंचसुद्धां फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आलेली. उलट, बागांतून शोभेसाठीं लावलेलें तांबड्या-नारिंगी फुलांचें पिचकारीचें झाड त्याच शंभरांच्या यादींत आहे. फिजी व हवाई येथील ओलसर डोंगर त्यानें व्यापले आहेत, पण मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत तें फारसें बागेबाहेर पडत नाहीं. म्हणजे झाडाचें मूळ गांव पाहून भागत नाहीं. तें ह्या जमिनींत, ह्या पावसांत कसें वागतें तें पाहावें लागतें.

सुबाभूळ ओळखली, आतां तिचें करावें काय? रोप वीतभर असतांना, पाऊस पडून जमीन मऊ झाली म्हणजे, हातानें मुळासकट उपटावें. पुढें तिचें सोटमूळ खोल जातें आणि मग हातानें काम होत नाहीं. मोठें झाड नुसतें कापल्यास एका खोडाचीं दहा होतात. म्हणून तें शेंगा हिरव्या असतांनाच कापावें, खुंट खणून काढावा, आणि तें न जमल्यास जे धुमारे फुटतील ते पुन्हां पुन्हां छाटीत राहावें. छाटलेला पाला शेळ्यांस घालावा. त्यांस तो फार प्रिय आहे. गाईम्हशींस मात्र इतर चाऱ्यांत मिसळून, सगळ्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंत द्यावा, आणि घोड्यागाढवांस मुळींच देऊं नये. त्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें द्रव्य असतें. त्यानें घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात.

येथें एक गोष्ट नजरेआड करूं नये. शहराच्या कडेच्या वस्त्यांतून राहणाऱ्या कित्येक कुटुंबांची चूल ह्याच झाडांच्या फांद्यांवर पेटते, आणि त्यांच्या दोनचार शेळ्या त्याच पाल्यावर जगतात. त्यांनीं रोज कापून नेलें तर तें झाड ताब्यांत राहतें. हें काम कोणतीही कचेरी इतक्या स्वस्तांत करणार नाहीं. त्यांस हांकून देऊन यंत्रानें एका दिवसांत सगळा माळ उघडा करणें हा पराक्रम दिसावयास मोठा, पण फळ असें कीं, पुढल्याच पावसांत तेथें गाजरगवत आणि सुबाभळीचींच नवीं रोपें येतात. त्यापेक्षां तिच्या विरळ सांवलीचा उपयोग करून घ्यावा. तिच्या आडोशानें कडुनिंब, करंज, शिरीष, आपटा, पळस ह्यांचीं रोपें लावावींत, तीं कमरेइतकीं झालीं कीं भोंवतालच्या सुबाभळी एक एक करून काढाव्यात, आणि जी जागा मोकळी होईल ती निदान दहा वर्षें, दर आषाढांत, कोणीतरी जाऊन वांकून पाहावी. तेथें वीतभर उंचीचें, बारीक पानांचें रोप दिसेल तेव्हां प्रथम त्याचें पान हातांत घ्यावें, दांड्यावरची तिळाएवढी गांठ शोधावी, बोटानें कांटा चांचपावा, आणि मगच तें उपटावें.